आमचा कापूस मोजता, मग तुमचा कंडेन्सर आम्ही का मोजू नये?



कापसाची गाडी घेऊन खरेदी केंद्रावर उभा राहिलेला आपला माणूस डोळ्यांपुढे आणा. गाडी फाटकात शिरत नाही तोच ग्रेडर ढिगात हात घालतो, ओलावा मोजायचे यंत्र कापसात खुपसतो. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की टक्क्या-टक्क्याला भाव कापला. १२ च्या वर गेला की गाडी परत. धाग्याची लांबी मिलिमीटरात मोजायची, तलमपणा मायक्रोनेअरमध्ये. लांब धाग्याचा कापूस म्हणजे साडेएकोणतीस ते साडेतीस मिलिमीटर आणि मायक्रोनेअर ३.५ ते ४.३, हे आता आपल्या पोरांनाही पाठ झाले आहे. ज्वारीचे तेच. शेवटच्या पावसात दाणा काळा पडला की पोते बाजूला काढले. आपल्या मालाचा प्रत्येक गुण आकड्यात मोजला जातो, आणि तो आकडा आपल्याविरुद्ध वापरला जातो.

आता तोच माणूस चार पैसे हातात पडल्यावर तालुक्याच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात शिरतो तेव्हा काय होते ते बघा.

"शेठ, पाच एचपीच्या मोटारीला कंडेन्सर द्या."

"हा घ्या काका. बिनधास्त घेऊन जा, चालतंय."

"पावती?"

"पावती पाहिजे तर जीएसटी लागेल काका."

झाला सौदा. डब्यावर काय छापले आहे हे दुकानदाराने सांगितले नाही, काकांनी विचारले नाही. कापूस विकताना आपण दुसऱ्याच्या आकड्यांनी मार खातो आणि माल घेताना आकडा न बघता मार खातो. मार दोन्हीकडे आपल्यालाच. फरक एवढाच की पहिल्या माराविरुद्ध आपण रस्त्यावर उतरतो आणि दुसऱ्याला नशीब म्हणतो.

मी हे मोठ्या तोंडाने सांगतो आहे, म्हणून आधी माझीच गोष्ट सांगून टाकतो. माझ्याकडे बी.एस्सी. कृषीची पदवी आहे. पिकाच्या मुळापासून कणसापर्यंत सगळे शिकलो. २०१५ च्या दुष्काळी वर्षात माझ्या विहिरीत दिवसाला तास-दीड तासाचे पाणी उरले होते. रब्बीची ज्वारी पोटरीत होती, पेरून पन्नास-बावन्न दिवस झालेले. ज्वारीला एकच संरक्षित पाणी द्यायला मिळाले तर ते कुठल्या दिवसांत द्यायचे, हे मी गावोगाव सांगत फिरायचो. त्याच दिवसांत माझा स्टार्टर सारखा ट्रिप मारू लागला. दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "साहेब, तुमची रिले लहान पडतीय. मोठी टाका, ट्रिपच मारणार नाही." मी टाकली. खरोखरच ट्रिप मारणे थांबले. चौथ्या रात्री डीपीवर एक फेज गेला, दोन फेजवर मोटार गुरगुरत राहिली आणि सकाळी विहिरीवर गेलो तो जळक्या वार्निशचा वास. रिवायंडिंगला साडेचार हजार गेले ते गेले, पण मोटार सहाव्या दिवशी आली. तोवर पोटरीतले पाणी चुकले होते. कणसे बाहेर पडली ती अर्धी भरलेली. कडबा तेवढा झाला.

नंतर जुनी रिले आणि नवी रिले हातात घेऊन बघितली. जुनीवर लिहिले होते ६ ते १०, नवीवर १० ते १६. माझ्या मोटारीच्या पाटीवर लिहिले होते ७.५ अँपिअर. तिन्ही आकडे माझ्या घरात होते. ते शेजारी-शेजारी ठेवून वाचायला पदवी लागत नव्हती. आणि पदवी असून मी वाचले नव्हते.

आता त्यातला हिशेब समजून घ्या, कारण हा हिशेब समजला की निम्म्या मोटारी वाचतात. तीन फेजची मोटार चालता चालता एक फेज गेला की उरलेल्या दोन तारांतून साधारण पावणेदोन पट करंट ओढते. साडेसात अँपिअरची मोटार १३ अँपिअर घेऊ लागते. रिले साडेसातवर लावलेली असेल तर तिला हा जादा करंट कळतो आणि एक-दोन मिनिटांत ती मोटार बंद करते. तुम्ही १० ते १६ ची रिले १४ वर लावलीत, तर तिच्या लेखी १३ अँपिअर म्हणजे सगळे आलबेल. ती ढिम्म बसून राहते आणि मोटार जळते. राखणीला ठेवलेले कुत्रे भुंकते म्हणून त्याच्या तोंडाला दोरी बांधायची, अशातला हा प्रकार. रिले ट्रिप मारते म्हणजे ती आपल्याला काहीतरी सांगते आहे: व्होल्टेज पडले आहे, फेज कमी आहे, बेअरिंग जाम आहे, नाहीतर पंपात गाळ अडकला आहे. तिचे ऐकायचे सोडून तिलाच बदलायची सवय आपल्याला कोणी लावली? ज्यांचा धंदा जळालेल्या मोटारींवर चालतो त्यांनी, आणि त्यांच्यावर भरवसा टाकणाऱ्या आपण.

स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरची फसवणूक तर याहून बेमालूम. डब्यावर मोठ्या अक्षरांत २५ अँपिअर. आपण म्हणतो, वा, साडेसातच्या मोटारीला पंचवीसचा, म्हणजे दणकट. बाजूच्या पट्टीवर बारीक अक्षरांत दोन ओळी असतात, त्या वाचा. एसी-१ समोर २५ लिहिलेले असते आणि एसी-३ समोर ९. एसी-१ म्हणजे शेगडीसारखा सरळ भार. एसी-३ म्हणजे मोटारीचा भार, सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढणारा. आपल्याला कामाचा आकडा एसी-३ चा. त्यात खोटे काहीच छापलेले नसते. खरे बारीक छापलेले असते इतकेच. कॉईलचेही बघा. २४० ची कॉईल दोन फेजांवर जोडली की धूर, ४१५ ची कॉईल फेज-न्यूट्रलवर जोडली की ती ओढतच नाही. आणि आपल्या लाईनच्या टोकाला ३३०-३४० व्होल्ट मिळत असतील, तर शेतीपंपासाठी कमी व्होल्टेजवरही ओढणारी कॉईल वेगळी मिळते. ती मागावी लागते. न मागता कोणी देत नाही.

आता कंडेन्सर. याच्यावर जरा जास्त बोलतो, कारण यात सगळ्यात जास्त फसगत आहे आणि घराघरातल्या बायांना याचा त्रास आहे. घरच्या बोअरवरची सिंगल फेज मोटार बंद पडली की हंडे त्यांच्याच डोक्यावर येतात.

सिंगल फेजच्या पॅनेलमध्ये बहुधा दोन कंडेन्सर असतात. एक सुरू करायचा, बहुतेक काळा. तो दोन-तीन सेकंद काम करतो आणि बाजूला होतो. दुसरा चालू राहायचा, मोटार फिरते तोवर लाईनीत असणारा. दिसायला दोन्ही डबे भाऊ-भाऊ, पण कामाने वेगळे. सुरू करायचा कंडेन्सर चालू राहायच्या जागी जोडला तर तो थोड्याच वेळात फुगतो आणि फुटतो. दोन्हींवर दोन आकडे असतात, मायक्रोफॅरड आणि व्होल्ट. मायक्रोफॅरड मोटारीच्या पाटीवर किंवा पॅनेलच्या झाकणावर जो लिहिला असेल तोच पाहिजे. ३६ लिहिले असेल तर ३६. कमी घातला तर मोटार उचलत नाही, नुसती गुरगुरते. जास्त घातला तर दुसरे वायंडिंग तापते. "थोडा मोठा टाकतो, जोरात चालंल" असे म्हणणारा मिस्त्री तुमच्या मोटारीचे आयुष्य खातो आहे. व्होल्टचे मात्र उलट. तिथे पाटीवरच्यापेक्षा जास्त चालतो, कमी चालत नाही. घरात लाईट २३० ची, मग कंडेन्सर ४४० चा कशाला, असा प्रश्न मला प्रत्येक बैठकीत येतो. रास्त प्रश्न आहे. चालू राहायचा कंडेन्सर वायंडिंगच्या एका पदराशी ओळीने जोडलेला असतो आणि मोटार चालताना त्याच्या दोन टोकांवर लाईनीपेक्षा जास्त व्होल्टेज चढते. २५० चा स्वस्तात मिळाला म्हणून बसवला तर तो आठवड्यात बसतो. मग आपण कंपनीला शिव्या देतो.

डब्यावर ३६ लिहिले म्हणजे आत ३६ आहे असेही नाही. जुने कंडेन्सर पुसून, नवे स्टिकर लावून विकले जातात. त्यावर इलाज आहे आणि तो अवघड नाही. कपॅसिटर मोजण्याची सोय असलेला मीटर दुकानात असलाच पाहिजे. कंडेन्सरचा धंदा करायचा आणि मीटर ठेवायचा नाही, म्हणजे काटा न ठेवता वाणसामान विकणे. काउंटरवर मोजून मागा. दुकानदार तयार नसेल तर गावातल्या जाणत्या वायरमनकडून करून घ्यायची दुसरी परीक्षा आहे, फक्त चालू राहायच्या कंडेन्सरची: फ्यूज घालून त्याला क्षणभर २३० व्होल्ट द्यायचे आणि क्लॅम्प मीटरवर अँपिअर वाचायचे. अँपिअरला ३१८३ ने गुणा आणि व्होल्टने भागा, मायक्रोफॅरड मिळतात. ३६ च्या कंडेन्सरने २.६ अँपिअर दाखवले पाहिजेत. १.८ दाखवले तर समजा, डब्यात ३६ नाही, २५ आहे. एक सावधगिरी: कंडेन्सर लाईट काढल्यावरही झटका देतो, तो रिकामा केल्याशिवाय हात लावू नका. आणि ही परीक्षा पोरांनी हौसेने घरी करू नये.

तीन फेजच्या पंपाला डीपीचा भार हलका करायला जो कंडेन्सर लावतात तो निराळा. तो केव्हीएआरमध्ये मोजतात. साधारण ३ एचपीला १, पाचला २, साडेसातला ३. इथेही व्होल्टचा आकडा बघा. ४४० व्होल्टला २ केव्हीएआर असलेला डबा आपल्या ३५० व्होल्टच्या लाईनीवर जेमतेम सव्वा देतो. म्हणून दुप्पट मोठा लावायचा का? नाही. प्रमाणाबाहेर मोठा लावला तर मोटार बंद करताना व्होल्टेज उसळते आणि वायंडिंगला धक्का बसतो. व्होल्टेजचा रोग व्होल्टेजनेच बरा करावा लागतो, त्याकडे येतोच. पण योग्य कंडेन्सर लावला तर साडेसात अँपिअर ओढणारी मोटार डीपीकडून सव्वासहाच्या आसपास ओढते. ६३ केव्हीएच्या डीपीवर ११ पंपांनी जो भार येतो, त्याच भारात १३ पंप चालतात. म्हणजे हा एकट्याने लावायचा जिन्नस नाही, डीपीवरच्या सगळ्यांनी मिळून लावायचा आहे. कंडेन्सर रिलेच्या पुढे मोटारीकडे जोडला असेल तर रिलेचे सेटिंगही त्याप्रमाणे खाली आणावे लागते, हे विसरू नका. (ऑटो स्विचबद्दल मी आज बोलत नाही. लाईट आल्याबरोबर सगळे पंप एकदम उठतात आणि डीपी बसतो, हे सगळ्यांना माहीत आहे, आणि ऑटो काढायला सांगितले की सगळे शेजाऱ्याकडे बोट दाखवतात.)

आता आपल्यातल्याच काही कार्यकर्त्यांचे म्हणणे ऐका. ते म्हणतात, "भाऊ, तुम्ही वीज कंपनीची बाजू घेता. मोटारी जळतात त्या कमी व्होल्टेजने आणि फेज गेल्याने. दोष त्यांचा, आणि पाटी वाचायचे ओझे तुम्ही शेतकऱ्यावर टाकता." या म्हणण्यात खोटे काही नाही. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनीच लिहून ठेवले होते की खालच्या दाबाच्या ग्राहकाला मिळणाऱ्या व्होल्टेजमध्ये सहा टक्क्यांहून जास्त चढउतार होऊ नये. ४१५ धरले तर ३९० ते ४४०. आपल्याला ३३० मिळाले तर मोटारीची ताकद ६३ टक्क्यांवर येते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाने घटते. हा गुन्हाच आहे आणि त्याविरुद्धचे भांडण सोडायचे नाही. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचे बिल माफ केले म्हणून कोणी आपले तोंड बंद करू पाहत असेल तर त्याला सांगा, बिल माफ झाले, रिवायंडिंग माफ झालेले नाही.

पण मी त्या कार्यकर्त्यांना विचारतो, भांडायला जाताना हातात काय घेऊन जाणार? जळालेली मोटार घेऊन कार्यालयात गेलात की अभियंता पहिला प्रश्न विचारतो, "स्टार्टर कुठला होता? रिले किती अँपिअरची?" तिथे आपली जीभ अडखळते आणि भांडण तिथेच संपते. रिले पाटीप्रमाणे होती, कंडेन्सर पाटीप्रमाणे होता, त्यांची पावती ही, आणि पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ वहीत लिहिलेले व्होल्टेज हे, असे म्हणणारा शेतकरी समोर उभा राहिला की साहेब खुर्चीत सावरून बसतो. पाटी वाचणे म्हणजे त्यांचा दोष पोटात घालणे नव्हे. त्यांची पळवाट बुजवणे आहे.

दुसरे काहीजण म्हणतात, आपला माणूस कमी शिकलेला, त्याला हे आकडे काय कळणार. हे ऐकले की माझे डोके फिरते. जो माणूस बीटीच्या दहा जातींची नावे, बोंडाचे वजन आणि कीटकनाशकाचे पंपाला किती मिली हे तोंडपाठ सांगतो, त्याला तीन आकडे जुळवता येणार नाहीत? बियाण्याच्या बाबतीत आपण शिकलोच ना. पिशवी फोडताना टॅग जपून ठेवायचा, मूठभर बी बाजूला ठेवायचे, पावतीवर लॉट नंबर लिहून घ्यायचा, हे एक पिढीपूर्वी कोण करत होते? आज अडाणी म्हातारीसुद्धा टॅग फेकू देत नाही.

सौर पंप घेतलेल्यांनी किंवा घेणाऱ्यांनी तर जास्तच डोळे उघडे ठेवावेत. २०१९ ची कुसुम योजना आणि राज्याची २०२४ ची मागेल त्याला सौर कृषी पंप योजना यांत आपला हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के. बाकी सरकारचे म्हणून "फुकटच्या गाईचे दात कशाला मोजायचे" अशी वृत्ती दिसते. गाय फुकटची नाही, आपल्याच करातून आलेली आहे. पॅनेलच्या मागे स्टिकर असते. प्रत्येकाचे वॅट जमवा आणि कागदावरच्या वॅटशी ताडून बघा. पॅनेल फुटले आणि कोणी बाजारातून आणून बसवतो म्हणाला तर वॅटसोबत करंटचा आकडाही जुळवा. ओळीने जोडलेल्या पॅनेलमध्ये सगळ्यात कमी करंटचे पॅनेल बाकीच्यांना आपल्याबरोबर खाली ओढते, नांगराला एक बैल बसका असला की दुसऱ्याचे जे होते तसे. आणि पॅनेलकडच्या बाजूला घरातला एसीचा खटका कधीही बसवू नका. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते. पॅनेलचा डीसी शून्यावर येतच नाही, ठिणगी तशीच पेटत राहते आणि डबा जळतो. खटक्यावर डीसी लिहिलेले आणि आपल्या पॅनेलच्या एकूण व्होल्टेजला पुरेल इतका आकडा असलेलाच घ्यायचा.

कायदा काय म्हणतो तेही थोडक्यात. डब्यावर आयएसआयचे चिन्ह बघा, त्यावर मानकाचा आकडा असतो. मोटारीच्या कंडेन्सरला २९९३, डीपीचा भार हलका करणाऱ्याला १३३४०, सबमर्सिबल पंपाला ८०३४. चिन्हाखाली सीएम/एल आणि पुढे परवाना क्रमांक असतो. नुसते चिन्ह कोणीही छापतो. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या मोबाईल ॲपवर घातला की परवाना कोणाचा आहे आणि चालू आहे की संपला हे दिसते. पावतीशिवाय घेऊ नका. कर वाचतो तो दुकानदाराचा, जातो तो आपला हक्क. पावतीवर "कंडेन्सर १ नग" एवढेच नको; कंपनी, मायक्रोफॅरड, व्होल्ट लिहून घ्या. शेतकरी हा ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बियाणे निगमाच्या खटल्यात सांगितले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या मालासाठी फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची. पावती नसेल तर यातले काही उपयोगाचे नाही.

मिस्त्री लोकांबद्दल राग धरू नका. ते आपल्यातलेच आहेत, रात्री-अपरात्री विहिरीत उतरतात. पण त्यांना पैसे मिळतात ते मोटार उघडल्याचे, मोटार टिकल्याचे नाही. गावाने मिळून वर्षाला ठरावीक रक्कम देऊन मोटारी सांभाळायला दिल्या तर तोच मिस्त्री रिलेचे सेटिंग स्वतःहून बघेल. दोन-तीन गावांनी हे करून बघायला हरकत नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या मोटारीची पाटी कपड्याने पुसून तिच्यावरचे सगळे आकडे वहीत उतरवून आणावेत: एचपी, व्होल्ट, अँपिअर, आणि सिंगल फेज असेल तर मायक्रोफॅरड. पाटी गंजून गेली असेल तर पॅनेलचे झाकण, तेही नसेल तर पंपाची जुनी पावती. रिले आणि कंडेन्सरवरचे आकडेही त्याच पानावर. बैठकीला क्लॅम्प मीटर आणि कपॅसिटर मोजायचा मीटर ठेवू. ज्यांच्याकडे काढून ठेवलेले जुने-नवे कंडेन्सर आहेत त्यांनी ते पिशवीत घालून आणावेत, सगळ्यांसमोर मोजू. ज्या डब्यात छापल्यापेक्षा कमी निघेल त्याची पावती ज्याच्याजवळ आहे त्याने पुढे बसावे. त्याची तक्रार तिथेच लिहून घेऊ.